व्याख्यान संपल्यावर पुस्तक कुठे जाते?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते अण्णा आयुष्यात कधी या व्यासपीठावर बसले नाहीत. ३६ वर्षे त्यांनी वाचनालयाची देवघेव सांभाळली. व्याख्यानाच्या दिवशी ते सभागृहाच्या दारात, चपलांच्या ढिगाशेजारी स्टूल टाकून बसत. मांडीवर लाल कापडी बांधणीची एक लांबट वही असे. वक्ता बोलत असताना अण्णांचे लक्ष श्रोत्यांकडे असे. कोण पुढे सरकून बसले, कोणी पिशवीतून कागद काढून पुस्तकाचे नाव टिपले, कोण उठून निघाले होते आणि परत खाली बसले, हे ते बघत. आभारप्रदर्शन उरकून माणसे चपला शोधू लागली की अण्णा वही उघडत आणि विचारत, "पुस्तक वाचायचंय ना? नाव सांगा."

१९८४ साली मी त्यांच्या हाताखाली मदतनीस म्हणून लागले. पहिली दोन-तीन वर्षे मला ती वही म्हणजे पुस्तकासाठी ताटकळलेल्या लोकांची यादी वाटत होती. यंदा समितीने मला विषय विचारला, तेव्हा मी ती वहीच विषय म्हणून सांगितली. लेखक वाचनालयात येऊन बोलतो, आणि त्यानंतर त्याचे पुस्तक एका हातातून दुसऱ्या हातात जाते. आपण ही दोन कामे धरतो. व्याख्यान हे कार्यकारिणीचे, पुस्तक देणे हे खिडकीमागच्या माणसाचे. माझे म्हणणे असे आहे की हे एकच काम आहे. सभागृहाच्या दाराशी ते तुटले, तर झालेले व्याख्यान आणि घेतलेले पुस्तक दोन्ही अर्धी राहतात.

एक प्रसंग सांगते. १९८७ चा डिसेंबर. भटक्या जमातीत जन्मलेले एक लेखक आपले आत्मकथन घेऊन आपल्याकडे आले होते. पन्नाशीतली, बारीक अंगाची व्यक्ती. त्यांना भाषण करायची सवय नव्हती. त्यांनी पुस्तक उघडले आणि आईबद्दलची पाने वाचायला घेतली. चौथ्या पानावर ते थांबले, पुस्तक मिटले, म्हणाले, "पुढचं तुम्ही घरी वाचा. मला वाचवत नाही." आणि खाली बसले. सभागृहात दोनशे माणसे होती. कुणी टाळी वाजवली नाही. अध्यक्षांनाही काय बोलावे सुचेना.

त्या रात्री अण्णांच्या वहीत १९ नावे आली. वाचनालयात प्रत होती एक. नियम असा की पुस्तक सात दिवस घरी न्यायचे, परत आणून द्यायचे, मग ते पुढच्याला. पुस्तक रोज खिडकीवर येणार नाही आणि पुढचा माणूस रोज चौकशीला येणार नाही, हे अण्णांना ठाऊक होते. त्यांनी पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला, त्यावर १९ नावे पत्त्यांसह लिहिली आणि सांगितले, वाचून झाले की पुढच्याच्या घरी स्वतः नेऊन द्या आणि सही घ्या. समितीत त्यावर बरीच चर्चा झाली. पुस्तक हरवले तर जबाबदार कोण? अण्णांनी पुस्तकाच्या किमतीएवढे पैसे कपाटात ठेवले आणि विषय संपवला.

पुस्तक परत आले तेरा महिन्यांनी. १९ नावांची ४१ झाली होती. मूळ कागद पुरला नाही म्हणून कुणीतरी वहीचे पान फाडून खाली जोडले होते. बांधणी सुटली होती, दोन पानांवर हळदीची बोटे होती. मी तो कागद कितीदा वाचला असेल! सुरुवातीची नावे शिक्षकांची आणि वकिलांची, म्हणजे आपल्या नेहमीच्या वर्गणीदारांची. मग एक शिंपी. मग साखर कारखान्यावरचे काटा-कारकून. मग कुंभारवाड्यातली तीन घरे. तेराव्या नावाशी अण्णांनी पुरुषाचे नाव खोडून 'सौ.' लिहिले होते. सभासद नवरा होता, पण पुस्तक वाचले बायकोने आणि पुढे नेऊन दिलेही तिनेच. अडतिसाव्या नावापुढे सही नव्हती, अंगठा होता. त्या घरात वाचणारा मुलगा नववीत होता. तो वाचून दाखवत होता आणि अंगठा त्याच्या आजीचा होता. तिने पुस्तक ऐकले, म्हणून तिचे नाव यादीत असलेच पाहिजे, असे त्या मुलाने ठरवले.

त्या अंगठ्याने मला विचार करायला लावले. आपण वाचक आणि श्रोता यांना वेगळे करतो, पण मराठीत ग्रंथ मुळात श्रोत्यांसमोर जन्माला आला. नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती समोर बसलेल्या माणसांना. सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते. नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे एकच गोष्ट मागतात, ती म्हणजे अवधान. पुढे शतकानुशतके ती पोथी ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांच्याही मुखी राहिली, कारण घरात, देवळात, पारावर कुणीतरी एक वाचत होता आणि बाकीचे ऐकत होते. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. त्या पुस्तकात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. श्याम रोज रात्री आश्रमातल्या मित्रांना आईच्या आठवणी सांगतो आणि ते ऐकतात. महाराष्ट्रातल्या घराघरांत वाचल्या गेलेल्या या पुस्तकाची रचनाच एखाद्या व्याख्यानमालेसारखी आहे, याकडे आपले क्वचित लक्ष जाते.

छापील पुस्तक आणि सार्वजनिक सभा आपल्याकडे बरोबरीनेच वाढल्या. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. त्यांच्याच अध्यक्षतेखाली १८७८ साली पुण्यात पहिली ग्रंथकार सभा भरली. आजच्या साहित्य संमेलनाचे मूळ तिथे आहे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली निघाले, त्यामागे 'महाराष्ट्र सारस्वत'कार वि. ल. भावे होते. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चे. या सगळ्या संस्थांचे ऋण मी मानते. माझे पोट याच चळवळीवर भरले.

पण मला १८८५ ची गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. त्या वर्षी दुसरी ग्रंथकार सभा भरायची होती आणि जोतीराव फुल्यांना तिचे निमंत्रण गेले. त्यांनी नकाराचे पत्र पाठवले. त्या पत्राचा आशय असा होता की, जे लोक इतर माणसांचे हक्क खुशीने मान्य करत नाहीत त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसत नाही, आमच्यावर काय गुदरते हे त्या पुस्तकांत नाही. आपण हे पत्र लेखकांच्या बाजूने वाचतो. मी ते ग्रंथालयात काम करणारी बाई म्हणून वाचते, तेव्हा मला त्यात सभागृहाबद्दलचा प्रश्न दिसतो. समोर कोण बसले आहे? कुणाला बोलावणे गेले आणि कुणाला गेले नाही? पुस्तक लिहिणाऱ्यांनी एकमेकांना पुस्तके वाचून दाखवायची, एवढीच ती सभा असेल तर तिचा बाहेरच्या माणसाला उपयोग काय?

आणि जोतीरावांनी नुसता नकार दिला नाही. त्याच्या दोन वर्षे आधी, १८८३ मध्ये, त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला होता. तो छापून होण्याची वाट न बघता ते तो लोकांना वाचून दाखवत होते. मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनीही तो ऐकला. 'दीनबंधु' पत्रात त्याची सुरुवातीची प्रकरणे आली आणि पुढची थांबली. ज्या शेतकऱ्यांसाठी तो ग्रंथ होता त्यांना अक्षर येत नव्हते, तरी ग्रंथ त्यांच्यापर्यंत पोहोचला, कारण लेखक स्वतः पुस्तक घेऊन त्यांच्या गावी गेला. लेखकाने येऊन बोलणे म्हणजे काय, याचे याहून मोठे उदाहरण मला मराठीत माहीत नाही. ओतूरला त्या दिवशी कोण बसले असेल, त्यांनी घरी जाऊन बायकोला काय सांगितले असेल, याची कुठे नोंद नाही. अण्णांसारखा कुणी तिथे वही घेऊन बसला असता तर, असे मला नेहमी वाटते.

ही वाट पुढेही चालत राहिली. १९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले तेव्हा उद्घाटनाला अण्णा भाऊ साठे उभे होते, ज्यांना शाळा मिळाली नव्हती. १९७८ मध्ये दया पवारांचे 'बलुतं' आले, १९८० मध्ये लक्ष्मण मान्यांचे 'उपरा'. त्या दशकात आमच्यासारख्या तालुक्याच्या वाचनालयांतही आत्मकथनांचे लेखक येऊ लागले. ज्यांनी ती पुस्तके विकत घेतली नसती, हातात धरायलाही कचरले असते, अशी माणसे लेखकाला समोर ऐकून गेली आणि आठवड्याने खिडकीवर आली. काही रागावून आली. "हे खरं आहे का, बघायचंय," म्हणून पुस्तक घेऊन गेली. रागाने नेलेले पुस्तकही वाचले जाते, हे मी खिडकीत बसून शिकले.

आता मला जे प्रत्यक्ष दिसत आले, त्याबद्दल सांगते. पुस्तकाच्या शेवटी तारीखपट्टी असते. परतीच्या तारखेचा शिक्का तिच्यावर पडतो. आता संगणक आल्यावर ती गेली, पण जुन्या पुस्तकांत अजून आहे. दुपारच्या शांत वेळी मी त्या पट्ट्या बघत बसत असे. कथासंग्रह असो की इतिहास, एखाद्या पुस्तकावर वर्षाला दोन शिक्के, तीन शिक्के असे विरळ चालले असायचे आणि मध्येच एकदम आठवड्याला एक, सलग सात-आठ महिने. मी वर्ष बघत असे आणि वही काढत असे. बहुतेक वेळा लेखक त्या हंगामात आपल्याकडे येऊन गेलेला असायचा.

पण सगळ्यांचे तसे होत नसे. काही फार गाजलेले वक्ते येऊन गेले, सभागृह ओसंडले, रस्त्यावर कर्णे लावावे लागले, आणि त्यांच्या पुस्तकांच्या पट्ट्या कोऱ्याच राहिल्या. पुष्कळ वर्षे मला याचे कारण कळले नाही. आता मला वाटते, जो लेखक व्यासपीठावरून पुस्तकातले सगळे सांगून टाकतो, किस्से, विनोद, शेवटसुद्धा, त्याचा श्रोता तृप्त होऊन घरी जातो. त्याला पुस्तकाची गरज उरत नाही. जो अडखळतो, एका परिच्छेदापाशी थांबतो, एका शब्दासाठी किती दिवस गेले ते सांगतो, त्याच्या श्रोत्याच्या मनात काहीतरी अपुरे राहते आणि ते पुरे करायला तो खिडकीवर येतो. म्हणून सूत्रसंचालकांना माझी विनंती असते की लेखकाला भाषण करायला लावू नका, त्याला वाचायला सांगा. कवींनी हे आधीच ओळखले होते. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर हे तिघे गावोगाव जाऊन कविता वाचत. त्यांनी महाराष्ट्राला कवितेवरची भाषणे फारशी दिली नाहीत, कविताच ऐकवल्या. त्यानंतर आमच्या कपाटातले कवितासंग्रह कधी नव्हे ते बाहेर गेले.

हे झाले लेखकाच्या बोलण्याचे. दुसरा भाग पुस्तक वाचकाच्या हाती देण्याचा. १९३१ साली एस. आर. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. मूळचा हा गणिताचा माणूस, त्यामुळे शब्द मोजके. त्यातले तिसरे सूत्र मला सर्वांत आवडते, कारण ते पुस्तकाची बाजू घेते. प्रत्येक पुस्तकाचा कुठे ना कुठे वाचक असतो आणि तो शोधून देणे ग्रंथालयाचे काम आहे, असा त्याचा अर्थ. लेखकाचे व्याख्यान हे त्या शोधाचे सर्वांत जुने आणि सर्वांत स्वस्त साधन आहे. दोनशे माणसे आपणहून एका खोलीत येतात, पुस्तकाबद्दल ऐकतात, आणि दीड तासाने त्यांच्यातले वीस जण त्या पुस्तकाचे वाचक झालेले असतात. त्या वीस जणांना त्याच क्षणी पुस्तक मिळाले नाही, तर दुसऱ्या दिवशी त्यांतले दहा उरतात आणि आठवड्याने दोन.

सयाजीरावांचे नाव मघाशी आले. ज्या राजाने 'असूड' ऐकला, त्यानेच १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून बडोदे संस्थानात सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे उभे केले. गावात वाचनालय नसेल तर पुस्तकांनी भरलेली लाकडी पेटी गावात जायची, तिथे काही काळ राहायची आणि मग पुढच्या गावी. खर्च संस्थानाचा. माणसाने पुस्तकाकडे यायचे, या पद्धतीला त्या पेटीने उलटे केले. जवळपास शंभर वर्षांनी, २००९ मध्ये, नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानातून विनायक रानडे यांनी 'ग्रंथ तुमच्या दारी' सुरू केले. त्यातही पेटीच आहे. पुस्तकांची पेटी एका घरी जाते, आसपासचे लोक तिथून पुस्तके नेतात, काही महिन्यांनी पेट्यांची अदलाबदल होते. त्या पेट्या पुढे परदेशातल्या मराठी घरांपर्यंत पोहोचल्या. महाबळेश्वर-पाचगणीच्या वाटेवरचे भिलार ४ मे २०१७ रोजी पुस्तकांचे गाव झाले. तिथे सुरुवातीला २५ ठिकाणी, घरांत, देवळांत, शाळेत पुस्तके मांडली गेली, आणि कुणीही जाऊन ओसरीवर बसून वाचावे अशी सोय झाली. मी भिलारला तीन वेळा गेले. एका घरी मी वाचत बसले असताना घरच्या वहिनींनी न विचारता चहा आणून ठेवला आणि विचारले, "ते दुसरं बघितलं का? कालचे पाहुणे रात्रीपर्यंत सोडत नव्हते." ग्रंथपालाला यापेक्षा वेगळे काय करायचे असते?

इथे एक प्रश्न येतो आणि तो मी टाळणार नाही. लेखक मला विचारतात, "बाई, तुमच्या एका प्रतीवर ४१ माणसे वाचणार. मग माझे काय?" प्रश्न रास्त आहे. मराठीत पुस्तकाची आवृत्ती हजार प्रतींची, हल्ली पुष्कळदा पाचशेचीच निघते. मानधनाचा हिशेब केला तर दोन-तीन वर्षांच्या कष्टांचे हातात येते ते एका महिन्याच्या घरभाड्याएवढेही नसते. डेन्मार्कमध्ये १९४६ पासून आणि ब्रिटनमध्ये १९७९ च्या कायद्याने अशी व्यवस्था आहे की सार्वजनिक ग्रंथालयांतून वाचकांपर्यंत जाणाऱ्या पुस्तकांसाठी सरकार लेखकाला पैसे देते. वाचकाला एक पैसाही पडत नाही. आपल्याकडे १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम आहे, त्याखाली अ, ब, क, ड असे वर्ग आहेत, अनुदान आहे, तपासणी आहे. लेखकाच्या या हक्काबद्दल मात्र काही नाही. आपण वाचनालयांनीच ही मागणी लावून धरली पाहिजे, कारण देवघेवीचा हिशेब आपल्याकडे आहे.

तोपर्यंत आपल्या हातातले तरी करू. लेखकाला बोलावले तर जाण्यायेण्याचा खर्च आणि मानधन पाकिटात घालून द्यायचे. शाल-श्रीफळाने घरचा किराणा येत नाही. पुस्तकाच्या प्रती प्रकाशकाकडे फुकट मागायच्या नाहीत, विकत घ्यायच्या. आणि एक भेद मनात पक्का ठेवायचा. विकत घेतलेली प्रत हातोहात फिरवणे वेगळे आणि पुस्तकाची पीडीएफ करून व्हॉट्सअॅपवर पाचशे जणांना धाडणे वेगळे. पहिल्यात पुस्तक एकाकडून दुसऱ्याकडे जाते, देणाऱ्याचा हात रिकामा होतो. दुसऱ्यात लेखकाच्या आणि प्रकाशकाच्या पदरचे काढून घेतले जाते. वाचनाचा प्रसार म्हणून कुणी ते करत असेल, तर त्याला मी स्पष्टपणे चोरी म्हणेन. अण्णांच्या त्या ४१ वाचकांपैकी काहींना पुस्तक स्वतःजवळ असावेसे वाटले. त्या वर्षात आपल्या चौकातल्या दुकानदाराने त्या आत्मकथनाच्या सहा प्रती पुण्याहून मागवून दिल्या. सहा हा आकडा लहान आहे. पण त्याआधी त्या दुकानात शालेय पुस्तके आणि पंचांग एवढेच विकले जात होते.

आता तक्रार. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या गावच्या वाचनालयाने एका कादंबरीकार बाईंना बोलावले होते. मी श्रोत्यांत होते. प्रमुख पाहुण्यांचा परिचय, प्रायोजकांचा सत्कार, दीपप्रज्वलन यांत सव्वा तास गेला. बाईंना मिळाली पंचवीस मिनिटे. तेवढ्यात त्या इतके नेमके बोलल्या की माझ्या शेजारच्या कॉलेजच्या मुलीने मला विचारले, "हे पुस्तक इथे मिळेल का?" आम्ही दोघी खाली देवघेव विभागात गेलो. दाराला कुलूप होते. कार्यक्रमामुळे देवघेव बंद, अशी पाटी होती. बाहेर विक्रीचे टेबल होते, पुस्तक साडेचारशे रुपयांचे होते. मुलीने ते हातात घेतले, मागे वळवून किंमत बघितली आणि परत ठेवले. मग तिने लेखिकेबरोबर फोटो काढून घेतला. मी पुस्तक विकत घेऊन तिच्यामागे जिना उतरले, तोवर ती निघून गेली होती. ते पुस्तक माझ्याकडे आहे. ज्या दिवशी लेखक वाचनालयात येतो, त्या दिवशी देवघेव बंद ठेवणे हा मला वाचनालयाचा सर्वांत मोठा दोष वाटतो. कार्यक्रम कितीही देखणा झाला तरी तो दोष झाकला जात नाही.

करायचे ते फार खर्चाचे नाही. लेखक यायच्या महिनाभर आधी त्याच्या पुस्तकाच्या पाच प्रती घ्या आणि फिरवा. म्हणजे तो येईल तेव्हा समोर पुस्तक वाचलेली पंधरा-वीस माणसे असतील आणि प्रश्न विचारतील. लेखकाला यापेक्षा मोठा सत्कार नाही. मी कितीतरी लेखकांचे चेहरे या एका क्षणी बदललेले पाहिले आहेत, जेव्हा मागच्या रांगेतून कुणी उठून म्हणते, "तुमच्या पुस्तकातली ती थोरली जाऊ, तिचं पुढं काय झालं?" परिचय तीन मिनिटांत संपवा. सत्कार एकच करा. व्याख्यान संपले की खिडकी उघडा आणि तासभर उघडी ठेवा. ज्यांची वर्गणी थकली आहे त्यांनाही त्या रात्री पुस्तक द्या. हरवेल, फाटेल, उशिरा येईल, ते सोसा. माझ्या ३४ वर्षांच्या नोकरीत व्याख्यानानंतर दिलेली पुस्तके बुडाली ती मी बोटांवर मोजू शकते. कपाटात वाळवीने खाल्ली ती मोजता येणार नाहीत.

आणि आपल्या गावातल्या लिहिणाऱ्यांना बोलवा. पुण्या-मुंबईचा वक्ता मिळाला नाही म्हणून माला रद्द झाल्याचे मी पाहिले आहे. शेजारच्या गावात आपल्या खर्चाने कवितासंग्रह काढणारी शिक्षिका असते, गावाचा इतिहास लिहिणारे निवृत्त तलाठी असतात, ऊसतोडीवर कथा लिहिणारा तरुण असतो. त्यांच्या प्रती घरात माळ्यावर गठ्ठ्यांनी पडलेल्या असतात. त्यांना बोलवा, वाचायला लावा. त्यांच्या पुस्तकातली माणसे इथल्या श्रोत्यांना नावानिशी ओळखू येतील, आणि ती पुस्तके कुठल्याही गाजलेल्या कादंबरीपेक्षा जास्त घरे फिरतील, हे मी अनुभवाने सांगते.

समितीने माझी एक विनंती मानली, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. उद्यापासून या मालेत चार लेखक बोलणार आहेत. त्यांच्या पुस्तकांच्या प्रत्येकी पाच प्रती वाचनालयाने विकत घेतल्या आहेत. आज रात्री साडेनऊपर्यंत देवघेवीची खिडकी उघडी राहील. दारात स्टूल ठेवले आहे, त्यावर अण्णांची लाल वही आहे, मधली कोरी पाने अजून पुष्कळ आहेत. चपला घालण्याआधी नाव आणि पत्ता लिहा. घरात दुसरे कुणी वाचणारे असेल तर त्यांचे नाव लिहा, कुणी ऐकणारे असेल तर त्यांचेही. सभासद नसाल तर अनामत मी भरते.